माडीवरचा चिकटा

मेहकरकडच्या आमच्या आजोळच्या घरात पुढच्या खोल्यांवर धाबे आहे आणि मागच्या दोन खोल्यांवर माडी. माडीची जमीन सागाच्या फळ्यांची. वर कोण चढले, हे खाली बसलेल्या आजीला फळ्यांच्या आवाजावरून कळायचे. नव्वदच्या दशकात घरात एक लग्न निघाले आणि माडी जरा 'पॉश' दिसावी म्हणून कोणाच्या तरी डोक्यात व्हिनाइलचे कार्पेट आले. संगमरवरासारखी नक्षी असलेले ते कार्पेट पिवळ्या सोल्यूशनने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चिकटवले गेले. लग्न चांगले झाले. कार्पेट मात्र पंचवीस वर्षांत तडकले, कडांनी उलटले, आणि शेवटी ओढून काढायला घेतले तर फक्त वरचा थर हातात आला. खालचा केसाळ थर आणि त्याखालचा तपकिरी चिकटा फळ्यांना धरून बसला.

तो काढायचा मान मी मागून घेतला. मे महिना, दुपारची वेळ, ऊन आत येऊ नये म्हणून खिडक्या लावलेल्या. पाच लिटर थिनरचा डबा आणला आणि निम्मा फळ्यांवर ओतला. चिकटा विरघळला, यात शंका नाही. पण तो विरघळून फळ्यांच्या फटींत उतरला, लाकडाच्या रेषांत शिरला. मग थिनर उडून गेले आणि चिकटा होता तिथे परत बसला, पूर्वीपेक्षा खोल. माझे डोके गरगरायला लागले होते ते वेगळेच. त्याच वेळी खाली मामी चहासाठी गॅस पेटवत होती, हे नंतर कळले तेव्हा भर उन्हाळ्यात हातपाय गार पडले. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, फटींतून खाली उतरते.

संध्याकाळी गावातले जुने सुतार मिस्त्री आले. त्यांनी वाकून फळीवर नख ओढले, बोटाचा वास घेतला आणि म्हणाले, "भाऊ, ते ओतनं बंद करा आधी. कशानं चिटकवलं व्हतं, ते पाह्यलं का?"

पाहिले नव्हते. चिकट म्हणजे चिकट, एवढेच आपले ज्ञान. खरे तर मराठीत चिकट पदार्थांना कितीतरी वेगवेगळी नावे आहेत, आणि प्रत्येक नावात तो पदार्थ कसा निघेल याचे उत्तरही दडलेले आहे. खळ पिठाची किंवा चिंचोक्यांची. डिंक झाडाचा. सरस जनावराच्या कातड्या-हाडांचा. राळ झाडाची, लाख किड्याची. डांबर जमिनीतले. आणि मग आपल्या काळातले फेविकॉल, आणि चांभारापासून सुतारापर्यंत सगळे ज्याला नुसते सोल्यूशन म्हणतात ते रबरी प्रकरण.

या पदार्थांची वाळण्याची तऱ्हा दोन प्रकारची. पहिल्या प्रकारात नवे काही घडत नाही. पातळ करणारे पाणी किंवा स्पिरिट उडून जाते आणि मूळ पदार्थ घट्ट होऊन मागे उरतो. गुळाचा पाक आटवून कितीही कडक केला तरी पाण्यात टाकला की पुन्हा पाक होतोच. डिंक, खळ, लाख ही त्या वाटेची. दुसऱ्या प्रकारात रेणूंचे रेणूंशी नवे बंध जुळतात आणि पदार्थच बदलतो. विरजण लागलेल्या दुधाचे पुन्हा दूध होत नाही, तसे. दोन नळ्यांतून काढून कालवायचे इपॉक्सी आणि हल्लीच्या लाकडी फ्लोअरिंगखाली वापरतात ते पॉलियुरेथेन यांची ही वाट. पहिल्या प्रकाराला परतीचे तिकीट असते, दुसऱ्याला नसते. इपॉक्सीवर थिनर ओतणे म्हणजे भाकरी पाण्यात भिजवून पिठाची वाट पाहणे.

डिंकाबद्दल थोडे जास्त सांगायला हवे, कारण तो आपल्या मुलखातला. आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्यात अंबाबरवा अभयारण्य आहे. त्या कोरड्या पानगळीच्या रानात सागाबरोबर सालई आणि धावडा असतो. धावड्याचा डिंक आपण बाळंतिणीच्या लाडवांत घालतो. जागतिक बाजारात त्याला 'गम घट्टी' म्हणतात. घाटवाटांनी उतरून बंदराला जाणारा डिंक, म्हणून घट्टी. आमच्या जिल्ह्यात लोकांची विभागणीच घाटावरचे आणि घाटाखालचे अशी असल्याने हे नाव वाचून मला फार बरे वाटले होते. तर हा डिंक पाण्यात फुगतो आणि सुटतो. जुन्या पेट्यांच्या आतले कागद, फळ्यांवर चिकटलेली जुनी वर्तमानपत्रे हे सगळे ओल्या कोमट फडक्याखाली अर्धा तास ठेवले की साल सोलल्यासारखे निघते.

सरसाची गोष्ट वेगळी. फेविकॉल येण्यापूर्वी सुतार सरसाच्या वड्या पाण्यात भिजवून मंद आचेवर वितळवत. त्याचा वास ज्याने घेतला तो विसरत नाही. सरस म्हणजे कातड्या-हाडांतले प्रथिन. साठेक अंश तापमानाचे पाणी लागले की तो पुन्हा मऊ होतो. उलट त्यावर स्पिरिट सोडले तर स्पिरिट त्यातले पाणी ओढून घेते आणि सरस ठिसूळ होऊन कट्‌कन सुटतो. जुनी वाद्ये दुरुस्त करणारे दोन्ही गुण वापरतात. जगभरचे व्हायोलिन कारागीर आजही सरसच पसंत करतात, कारण पन्नास वर्षांनी वाद्य उघडायची वेळ आली तर ते न फोडता उघडता येते. चांगला जोड तोच, जो गरज पडल्यावर सोडवता येतो, असे ते मानतात. आमच्या माडीवर कार्पेट चिकटवणाऱ्याला हे कोणी सांगायला हवे होते.

फेविकॉल १९५९ मध्ये बाजारात आले. बळवंत पारेख यांच्या कंपनीचे हे उत्पादन, आणि नाव सुचले ते मोविकॉल या जर्मन उत्पादनावरून. आत आहे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, ज्याचा शोध फ्रिट्झ क्लाट्टे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये लावला. पाण्यात तरंगणारे त्याचे बारीक थेंब पाणी उडाल्यावर एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा पारदर्शक पापुद्रा होतो. तो पाण्यात पुन्हा दुधाळ होत नाही, पण भिजला की फुगतो, पांढरा पडतो, रबरासारखा ओढता येतो. व्हिनेगरने काम आणखी लवकर होते. सुताराच्या हातावरचे वाळलेले फेविकॉल संध्याकाळी हौदावर कसे निघते, हे ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

आमचा चिकटा यांपैकी कोणताच नव्हता. हे कळले एका साध्या परीक्षेने, आणि या लेखातले एवढेच जरी कोणी लक्षात ठेवले तरी पुरे. मिस्त्रींनी चार वाट्या मागवल्या. माडीच्या कोपऱ्यात, कपाटामागे, अंगठ्याएवढ्या चार जागा निवडल्या. एका जागी कढत पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा, दुसऱ्या जागी व्हिनेगरचा, तिसऱ्या जागी पॉलिशच्या स्पिरिटचा, चौथ्या जागी टर्पेंटाइनचा. प्रत्येकावर वाटी उपडी, म्हणजे ओल टिकते आणि वाफ उडत नाही. पंधरा मिनिटांनी वाटी उचलायची आणि बांबूच्या कामटीने खरवडून पाहायचे. पाण्याने बुळबुळीत झाला तर खळ, डिंक किंवा सरस. व्हिनेगरने पांढरा आणि लवचीक झाला तर फेविकॉलच्या जातीचा. स्पिरिटने चिकट झाला तर लाख, आणि मग तो चिकटा नसून जुने पॉलिशही असू शकते. टर्पेंटाइनने कापसाला काळा-तपकिरी रंग आला तर डांबर. आमचा चिकटा टर्पेंटाइनखाली किंचित फुगला, एवढेच. म्हणून पाचवा बोळा थिनरचा, आणि त्याखाली तो जेलीसारखा थरथरला. सोल्यूशन. निओप्रीन नावाचे कृत्रिम रबर, जे १९३० मध्ये अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मले आणि नंतर जगभरच्या बुटांच्या तळव्यांखाली, सनमायकाखाली आणि आमच्या माडीवर पोहोचले.

चिकट्याने पाचही बोळ्यांना दाद दिली नाही, तर समजावे की परतीचे तिकीट नाही. मग फक्त उष्णता आणि पटाशी.

एक इशारा इथेच. जुनी चौकोनी व्हिनाइल टाइल आणि तिच्याखालचा काळा डांबरी चिकटा, विशेषतः १९८० च्या आधीचा, असेल तर तो कोरडा घासू नका. त्या काळात अशा टाइलमध्ये आणि चिकट्यात ॲस्बेस्टॉस घालण्याची पद्धत होती, आणि त्याची धूळ छातीत गेली की बाहेर येत नाही. ओला करून, मोठ्या तुकड्यांत काढा, किंवा सरळ त्यावर नवीन फळ्या टाका. झाकणे हाही उपाय आहे, त्यात कमीपणा नाही.

"मग थिनरच ना?" मी मिस्त्रींना विचारले. ते म्हणाले, "थिनर, पन मे मयन्यात नाही. हिवाळ्यात या."

तेव्हा मला ते टाळणे वाटले. आता त्यामागचे शास्त्र कळते. प्रत्येक चिकट पदार्थ एका तापमानपट्ट्याच्या खाली काचेसारखा वागतो आणि वर मऊ, लोचट होतो. शास्त्रात त्याला काचसंक्रमण म्हणतात. आपल्याला ते गुळाच्या ढेपेवरून माहीत आहे. जानेवारीत ढेप फोडायला बत्ता लागतो आणि खडे उडतात. मेमध्ये तीच ढेप पोत्याला चिकटते आणि सुरी आत रुतून बसते. डांबर तसेच, फेविकॉल तसेच, आणि राळ मिसळलेला जुना रबरी चिकटाही बऱ्याच अंशी तसाच. उन्हाळ्यात तुम्ही तो खरवडत नाही, फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागेवर पसरवता.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात हा ऋतूंचा फरक फार उपयोगी. बुलढाणा शहर सुमारे ६५० मीटर उंचीवर, खामगाव सुमारे ३०० मीटरवर. घाटाखाली खामगाव, शेगाव, मलकापूरकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. घाटावर डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो दहा-बारावर उतरतो. त्या पहाटेच्या दोन तासांत आम्ही डिसेंबरात जे काम केले, ते मेमधल्या आठवड्यात झाले नसते. केसाळ थर आणि चिकट्याचे जाड ठिपके लाकडी मोगरीने हलके ठोकल्यावर पापुद्रे होऊन उडत होते. जिथे जाड थर होता तिथे पिशवीत बर्फ घालून दहा मिनिटे ठेवला. निम्म्याहून जास्त चिकटा एक थेंब थिनर न वापरता निघाला.

दुसरा रस्ता उलटा, म्हणजे पुरता गरम करण्याचा. ओले फडके आणि त्यावर इस्त्री, किंवा केस वाळवायचा ड्रायर; चिकटा पुरता मऊ झाला की खालून रुंद पात्याने उचलायचा. हीट गनही चालते, पण तिच्या तोंडाशी पाचशे-सहाशे अंशांची हवा असते आणि फळ्यांच्या फटींत शंभर वर्षांची धूळ, कोळिष्टके आणि उंदरांनी नेलेला कापूस असतो. माडीवर हीट गन मी वापरणार नाही. पुरता गारही नाही आणि पुरता गरमही नाही अशा चिकट्यावर काम करणे, हा माझा मूळ अपराध होता.

आणि आगीचे गणित. द्रवाची वाफ ज्या तापमानाला ठिणगीने पेट घेऊ शकते, त्याला प्रज्वलन बिंदू म्हणतात. थिनरमधल्या टोल्युईनचा तो ४ अंशांच्या आसपास, ॲसिटोनचा शून्याच्याही खाली. म्हणजे ते बाराही महिने पेटायला तयार. रॉकेलचा साधारण ३८ अंशांपासून पुढे, म्हणून आपण ते निर्धास्त हाताळतो. पण घाटाखालच्या मेमधल्या दुपारी पत्र्याखालच्या खोलीत रॉकेलही त्या रेषेच्या वर असते. लोक म्हणतात, रॉकेल सुरक्षित. डिसेंबरात, हो.

उरलेल्या पातळ थरासाठी थिनर वापरले, ते असे. खिडक्या सताड उघड्या, खाली गॅस बंद, माडीवरचा दिवा-पंख्याचा खटकाही न दाबता. हातात नायट्राइलचे मोजे. एका वेळी ताटाएवढी जागा. फडके थिनरने ओले करून त्या जागेवर अंथरायचे, ओतायचे नाही, आणि वरून ॲल्युमिनियमची फॉइल झाकायची. दहा-पंधरा मिनिटांनी चिकटा फुगलेला असतो, विरघळलेला नसतो, आणि नेमके तेच हवे असते. फुगलेला गोळा उचलता येतो. विरघळलेला लाकडात शिरतो. उचलायला मिस्त्रींनी स्वयंपाकघरातले जुने, बोथट झालेले उलथने मागितले. मामीने ते दिले, आणि पुन्हा स्वयंपाकघरात आणायचे नाही असे बजावून दिले.

इथपर्यंत सगळे चिकट्याबद्दल झाले. पण जुन्या फळीवर काम करताना चिकट्याइतकेच लाकडाकडे पाहावे लागते. साग हा या बाबतीत मोठा सज्जन. त्याच्यात अंगचे तेल असते, म्हणूनच सुतार सागाला काही चिकटवण्याआधी थिनरचे फडके मारतात. नाहीतर जोड धरत नाही. जो धरायला त्रास देतो तो सोडायलाही मदत करतो. मात्र सागात वाळूचा, म्हणजे सिलिकाचा अंश असतो आणि तो पात्याची धार खातो. दर अर्ध्या तासाने धार लावावी लागली. धार गेलेले पाते चिकटा काढत नाही, लाकूड फाडते.

बाभूळ, खैर असे तुरट लाकूड असेल तर गोष्ट बदलते. त्यातल्या टॅनिनवर ओल्या अवस्थेत लोखंड लागले की काळे डाग पडतात. जुनी शाई याच रसायनाने बनत असे. तिथे तारेची घासणी वापरू नये. धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा तर कुठल्याच लाकडावर नको. चिकटा निघतो, पण लाकूड काळवंडते आणि रेषा उठतात.

मशीनच्या सँडरबद्दल माझे मत वाईट आहे. एक तर घासण्याच्या उष्णतेने उरलासुरला चिकटा वितळतो आणि पॉलिश पेपर पाच मिनिटांत चोंदतो. दुसरे म्हणजे शंभर वर्षे पायाखाली गेलेल्या फळीला वर-खाली झिजेची एक लय असते. मशीन ती सपाट करून टाकते आणि फळी नव्या दुकानातली दिसते. मिस्त्रींनी शेवटचा हात काचेच्या तुकड्याने मारला. खिडकीच्या फुटक्या तावदानाचा सरळ कडेचा तुकडा, फडक्यात धरून, किंचित कलता, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. कागदापेक्षा पातळ भुसा निघत होता, आणि त्याखाली सागाचा मधाळ रंग.

शेवटी तेल. रंगाच्या दुकानात ज्याला बेलतेल म्हणतात ते, म्हणजे उकळलेले जवसाचे तेल. जवस हे वऱ्हाडचे जुने पीक, आणि एके काळी ते मुंबईमार्गे युरोपात जात असे. तिकडे इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टनने १८६३ मध्ये याच तेलाला हवेत घट्ट करून, त्यात बुचाचा भुसा मिसळून जमिनीवर अंथरायचे लिनोलियम बनवले. व्हिनाइल येण्याआधी जगभरच्या लाकडी जमिनी त्यानेच झाकल्या. त्यातल्या एखाद्या तुकड्यात आपल्याकडचे जवस गेले असेल, असे मानायला मला आवडते.

पण या तेलाचा एक अवगुण सांगितल्याशिवाय लेख संपवणे बरोबर नाही. जवसाचे तेल सुकत नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. फळीवर ती उडून जाते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती आत साठते आणि काही तासांत चिंधी आपोआप पेटते, काडी न ओढता. तेव्हा चिंध्या उघड्यावर एकेरी पसरून वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या लोखंडी बादलीत बुडवा. थिनरच्या चिंध्यांनाही हेच लागू, आणि दोन्ही चुलीत घालू नका.

आमच्या माडीला दोन हिवाळे लागले. आजीच्या कपाटाखालचा चार हात तुकडा अजून तसाच आहे, संगमरवरी नक्षीसकट. कपाट हलवायला चार माणसे लागतात. या डिसेंबरात पाहू.